पालकसभा: महिना पाहून ठरवावी

नोकरदार पालकांच्या सोयीसाठी माध्यमिक शाळांनी पालकसभा यापुढे ऑनलाइनच घ्याव्यात, हे मत मला अर्धेच पटते. आमच्याकडे रत्नागिरीच्या किनाऱ्यावर कित्येक मुलांचे वडील मुंबईला नोकरीस असतात आणि मोबाइलवरच्या सभेमुळेच त्यांना वर्गशिक्षकांचा चेहरा पहिल्यांदा दिसला, हे मी नाकारणार नाही.

मात्र उरलेल्यांपैकी अनेकजण मासेमारीला जातात, आणि खोल समुद्रात रेंज नसते. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर बंदी असल्याने होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, वडील घरी असतात आणि शाळाही जूनच्या मध्यावर सुरू झालेली असते. म्हणून वर्षाची पहिली सभा जुलैत, समोरासमोर घ्यावी. तसेही त्या दिवसांत पावसाने वीज गेली की ऑनलाइन सभा निम्म्यावर आटोपते.

गेल्या वर्षी ऑनलाइन सभेत माझ्या मुलीबद्दल 'भूमितीत २० पैकी ९' एवढेच कळले, तेही सर्वांदेखत. पुढे बाईंना भेटलो तेव्हा त्यांनी उत्तरपत्रिका उजेडाकडे धरून कर्कटकाच्या टोकाने पडलेली भोके दाखवली. रचना प्रत्येक वेळी बरोबर सुरू करून तिने स्वतःच खोडली होती.

दिवाळीनंतरची सभा खुशाल रात्री आठला ऑनलाइन असावी. चाकरमान्यांना मात्र गणपतीची सुटी लागण्याच्या आदल्या दिवशी दहा मिनिटे प्रत्यक्ष द्यावीत. तेव्हा ते गावी आलेले असतात.