अनुभव धागा : एप्रिल २०२१, फातोर्डा आणि आशियाई चॅम्पियन्स लीगचा 'ई' गट

कॉर्नरचा झेंडा (धागाकर्ता)

एएफसी (आशियाई फुटबॉल महासंघ) चॅम्पियन्स लीगच्या २०२१ च्या हंगामात 'ई' गटाचे सगळे सामने मडगावच्या फातोर्डा मैदानावर झाले. एफसी गोवा, इराणचा पर्सेपोलिस, कतारचा अल रय्यान आणि अमिरातीतला अल वहदा असे चार संघ होते. भारतीय क्लब या स्पर्धेच्या गटसाखळीत पहिल्यांदाच खेळत होता. त्यावर भावूक लेखन ढिगानं झालंय, त्यामुळे इथे "डोळे पाणावले" वगैरे नको. मैदान, नियम, संघनिवड, आहार, डावपेच यांतलं ज्याला जे नक्की ठाऊक आहे त्याने ते नेमकं लिहावं.

सुरुवातीला निकाल देऊन ठेवतो, म्हणजे पुढे कुणी आकड्यांवरून भांडणार नाही. गोव्याचे सहा सामने: १४ एप्रिल अल रय्यान ०-०, १७ ला अल वहदा ०-०, २० ला पर्सेपोलिसकडून १-२, २३ ला पुन्हा पर्सेपोलिसकडून ०-४, २६ ला अल रय्यान १-१, २९ ला अल वहदाकडून ०-२. अखेरचा तक्ता: पर्सेपोलिस १५, अल वहदा १३, गोवा ३, अल रय्यान २.

तीन अधिक एक

गोव्याने सहा सामन्यांत दोनच गोल केले. त्याचं कारण नशिबात शोधू नका, नोंदणीच्या कागदात शोधा.

त्या हंगामात आशियाई नियम ३+१ होता: कुठल्याही देशाचे तीन परदेशी आणि आशियाई महासंघातल्या देशाचा एक. आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) तेव्हा मैदानात एका वेळी पाच परदेशी चालत आणि नोंदणी सातांपर्यंत करता येई. म्हणजे वर्षभर पाच परदेशींवर बसवलेला संघ महिनाभरात चारांवर आणायचा. प्रशिक्षक हुआन फेरांदो यांनी मधल्या फळीत एदू बेदिया, बचावात इव्हान गोन्झालेझ, पुढे होर्हे ऑर्तिझ आणि आशियाई जागेवर ऑस्ट्रेलियाचा जेम्स डोनाची ठेवला. (ऑस्ट्रेलिया आशियाई महासंघात मोडतो, त्यामुळे तो 'आशियाई'.) बाहेर राहिले आल्बेर्तो नोगेरा आणि इगोर आंगुलो. आंगुलोने त्याच हंगामात आयएसएलमध्ये १४ गोल करून गोल्डन बूट घेतला होता!

लोक तेव्हा फेरांदोंवर चिडले होते. पण चारच जागा असतील तर मणका आधी भरावा लागतो. सेंटर बॅकची (मधल्या बचावपटूंची) जोडी आणि चेंडू धरून ठेवणारा एक मिडफिल्डर यांत तीन जागा गेल्या. चौथी नुसत्या गोलपुढच्या बॉक्समध्ये उभं राहणाऱ्या नऊ नंबरला (मुख्य स्ट्रायकरला) द्यायची, की पळून परत बचावालाही येणाऱ्याला? चेंडू ताब्यात तीसेक टक्केच मिळणार असेल तर दुसरा पर्याय बरा. त्याची किंमत म्हणजे नऊ नंबरचं काम ईशान पंडिता आणि देवेंद्र मुरगावकर यांच्यावर आलं. दोघेही गुणी, पण आयएसएलमध्ये त्या जागी बहुतेक परदेशीच खेळतात, त्यामुळे भारतीय फॉरवर्डला तिथली मिनिटंच मिळत नाहीत. २०२३-२४ पासून मर्यादा ५+१ झाली.

गवत्या

मैदानाबद्दल लिहितो, कारण या गटात मैदानावरचा ताण कुणी मोजतच नाही.

सामन्यांचे सहा दिवस, प्रत्येकी दोन सामने, म्हणजे १४ ते २९ एप्रिल या सोळा दिवसांत एकाच हिरवळीवर बारा. पहिला रात्री आठला, दुसरा साडेदहाला. आठचा सामना दहाच्या आसपास संपतो, म्हणजे मधे जेमतेम अर्धा तास. त्यातच पुढच्या दोन्ही संघांचा वॉर्म-अपही उरकायचा.

अशा वेळी काय करतात?

सराव आणि वॉर्म-अप मुख्य गोलच्या तोंडाशी करू द्यायचा नाही. हलवता येणारे गोल बाजूला लावून गोलकीपरना तिथे पाठवायचं. सहा यार्डांचा पट्टा आणि लाइन्समनची धाव असलेली कडेची पट्टी या दोन जागा सगळ्यात आधी उघड्या पडतात. लाइन्समनची पट्टी तर लोकांच्या लक्षातही येत नाही. दोन सामन्यांत तीन तास माणूस त्याच रेषेवर मागेपुढे धावत असतो.

उपटलेली ढेकळं मध्यंतरातच बसवायची. इथे हमखास चूक होते: बागकामाचा काटा ढेकळाखाली घालून वर उचकटतात. तसं केलं की मुळं तुटतात आणि दोन दिवसांत तिथे पिवळा ठिपका दिसतो. काटा खड्ड्याच्या कडेला तिरका खुपसून माती चारही बाजूंनी मधे ढकलायची आणि पायाने दाबायची. ढेकूळच नाहीसं झालं असेल तर धुतलेली वाळू भरून पृष्ठभागाच्या किंचित खाली सोडायची, वर नाही. वर आली की चेंडू तिथे उडी मारतो.

पाणी हा सगळ्यात अवघड भाग. पासिंग करणाऱ्या संघाला सामन्याआधी शिडकावा हवा असतो, चेंडू सरसर जातो. पण एप्रिलमध्ये किनाऱ्यालगत रात्री हवेतच इतकं बाष्प असतं की साडेदहाच्या सामन्याला पातं आपोआप ओलं होतं. त्यावर परत पाणी मारलं की दोन गोष्टी होतात: खेळाडू घसरतात, आणि रात्रभर पातं ओलं राहिल्याने बुरशी धरते. म्हणून रोजचं मुख्य पाणी पहाटे द्यायचं, ऊन वर आलं की पातं सुकतं. कापणीची उंची अशा भरगच्च आठवड्यांत दोन-तीन मिलिमीटर वाढवून २५-२८ च्या आसपास ठेवली तर गवत झीज सोसतं. चेंडू जरा मंदावतो, तेवढं चालवून घ्यायचं.

डावा बॅक

गवत्यांच्या पोस्टला जोडून: याच दवामुळे आठच्या आणि साडेदहाच्या सामन्याला बूट वेगळे लागतात. आठला साचातले पक्के स्टड पुरतात. उशिराच्या सामन्याला निदान सेंटर बॅकनी तरी स्क्रूचे घालावेत, पुढे ११ आणि टाचेला १३ मिलिमीटर. वळताना पाय सरकला की पेनल्टीला कारणीभूत सेंटर बॅकच ठरतो.

घामाचा हिशेब

तापमान हा अर्धाच प्रश्न. आखातातले खेळाडू उष्णतेला सरावलेले असतात, पण मडगावची दमट हवा वेगळी. घाम येतो, वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. अशा हवेत खेळाडू तासाला एक ते दीड लिटर सहज गमावतो.

मोजायची पद्धत साधी आहे. सामन्याआधी फक्त चड्डीवर वजन घ्यायचं आणि सामन्यानंतर अंग पुसून परत घ्यायचं. जितके किलो घटले, त्याच्या दीडपट लिटर पाणी पुढच्या चार-सहा तासांत हळूहळू प्यायचं, सोबत मीठ. नुसतं साधं पाणी ढोसलं तर लघवीवाटे निघून जातं आणि रक्तातलं सोडियम आणखी पातळ होतं. दोन टक्क्यांहून जास्त वजन घटलं असेल तर तिसऱ्या दिवशीच्या सामन्याला तो खेळाडू थकलेलाच उतरतो. आणि इथे सगळे सामने तिसऱ्याच दिवशी होते.

त्यात रमजान. आखातात तो १३ एप्रिलला लागला, गटाच्या पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी. गोव्यात तेव्हा सूर्यास्त पावणेसातच्या सुमारास होतो. रोजा ठेवणाऱ्याला आठचा सामना सगळ्यात अडचणीचा: इफ्तार आणि किक-ऑफ यांत फक्त सव्वा तास. तेवढ्यात खजूर, पाणी, केळं किंवा भाताची पेज, एवढंच पोटात टिकतं. तळलेलं आणि डाळी नकोत. खरं जेवण सामन्यानंतर. साडेदहाच्या सामन्याला पावणेचार तास मिळतात, तिथे भात-चिकन पचून जातं. प्रवासात असलेल्याला रोजा पुढे ढकलण्याची धर्मात मुभा आहे. कोण ती घेतो हे ज्याचं त्याच्यावर, म्हणून आहार पाहणाऱ्याने दोन्ही वेळापत्रकं तयार ठेवायची.

पडवळ

साडेदहा ही वेळ गोव्याच्या प्रेक्षकांसाठी ठेवलीच नव्हती, आणि कोरोनामुळे प्रेक्षकांना तसाही प्रवेश नव्हता. आपले साडेदहा म्हणजे दोह्यात आठ, अबू धाबीत नऊ, तेहरानमध्ये साडेनऊ. आपले आठ म्हणजे दोह्यात साडेपाच, इफ्तारच्या आधी, तेव्हा टीव्हीसमोर कोण बसणार? 'यजमान' कोण, हे पाटीवरून नाही, घड्याळावरून ओळखावं.

पंजे

गोलरक्षणाबद्दल. पहिल्या दोन सामन्यांत ०-० मिळाले ते धीरज सिंगमुळे, हे सगळे म्हणतात. त्याने नेमकं काय केलं?

समोरच्या संघांच्या बचावपटूंची उंची आणि कॉर्नरची संख्या पाहता धोका क्रॉसचा (कडेवरून बॉक्समध्ये येणाऱ्या चेंडूचा) होता. क्रॉसला गोलकीपरचा पहिला निर्णय 'जायचं की थांबायचं' हा, आणि तो चेंडू पायावरून सुटल्यावर पहिल्या अर्ध्या सेकंदात व्हावा लागतो. अर्धवट बाहेर येऊन थबकणं सगळ्यात घातक. धीरजने बरेच चेंडू धरण्याऐवजी मुठीने फोडले. तरुण कीपरना वाटतं की धरणं म्हणजे हुकमत. गर्दीत, दमट हवेने ओल्या झालेल्या चेंडूला, दोन्ही मुठी जोडून बॉक्सच्या कडेबाहेर उंच मारणंच शहाणपणाचं. उंच मारला की बचावफळीला पुढे सरकायला दोन सेकंद मिळतात. सपाट मारला तर थेट समोरच्याच्या पायावर.

शॉटच्या वेळी तो गोलरेषेच्या दोन-तीन पावलं पुढे उभा राहून कोन कमी करत होता, आणि शॉटच्या क्षणी त्याचे पाय स्थिर असत. हलत्या पायांवर झेप अर्धीच लागते. हा मुलगा २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताचा कीपर होता आणि गोव्यात आला जानेवारी २०२१ मध्ये.

सेट पीस

पर्सेपोलिसविरुद्धचा २० तारखेचा सामना परत पाहा, पहिली पंचवीस मिनिटं पुरेत. दहाव्या मिनिटाला ब्रँडन फर्नांडिसची फ्री किक, बेदियाचं हेडर, गोवा १-०. भारतीय क्लबचा गटसाखळीतला पहिला गोल. त्यानंतर १८ व्या मिनिटाला मेहदी तोराबीची पेनल्टी आणि २४ व्याला जलाल होसेनी. होसेनी तेव्हा ३९ वर्षांचा होता!

तिन्ही गोल थांबलेल्या चेंडूवरून (म्हणजे सेट पीसवर) किंवा त्याच्या आसपास. तगड्या संघाविरुद्ध गोल करायचा सर्वांत स्वस्त रस्ता तोच, आणि खायचाही तोच. आघाडी घेतल्यावर पहिली दहा मिनिटं बॉक्सच्या जवळ फाउल द्यायचा नाही, कॉर्नर द्यायचा नाही, चेंडू थेट कडेला फेकायचा, हा पाठ आहे. पण छोट्या पासने मागून बांधणी करायची सवय लागलेल्या संघाला ते जमत नाही. पर्सेपोलिस आदल्या हंगामाचा उपविजेता. अशा संघासमोर आपल्याच बॉक्सपाशी तिसरा पास खेळायला गेलात की तो अडवला जातो.

कॉर्नरचा झेंडा (धागाकर्ता)

@सेट पीस, छान. एक दुरुस्ती: बेदियाचा गोल १४ व्या मिनिटाचा, दहाव्या नाही. म्हणजे आघाडी टिकली फक्त चार मिनिटं.

सेट पीस

बरोबर, चुकलो. मुद्दा आणखीच पक्का झाला म्हणायचा.

पाटीवाला

बऱ्याच जणांना वाटतं की समान गुण झाले तर एकूण गोलफरक आधी बघतात. त्या हंगामाच्या आशियाई नियमात तसं नव्हतं. आधी त्या संघांच्या आपसातल्या सामन्यांतले गुण, मग आपसातला गोलफरक, मग आपसातले गोल. त्यानंतर एकूण गोलफरक आणि एकूण गोल. तरीही सुटलं नाही तर शिस्तीचे गुण: पिवळ्याला १, दोन पिवळ्यांतून झालेल्या लालला ३, थेट लाललाही ३, पिवळं आणि वर थेट लाल असेल तर ४.

'ई' गटात याची गरज पडली नाही, पण २६ एप्रिलला पडायची वेळ आली होती. अल रय्यानविरुद्ध ऑर्तिझने तिसऱ्याच मिनिटाला गोल केला आणि गोवा ८९ व्या मिनिटापर्यंत पुढे होता. मग अली फेरिदूनने बरोबरी केली. तो गोल झाला नसता तर गोवा ५ आणि अल रय्यान १. झाल्यामुळे ३ आणि २. शेवटच्या दिवशी दोघेही हरले, म्हणून गोवा तिसरा राहिला. अल रय्यानचे प्रशिक्षक तेव्हा लोराँ ब्लाँ होते, १९९८ च्या विश्वविजेत्या फ्रेंच संघातले.

त्या वर्षी स्पर्धा ३२ वरून ४० संघांची झाली होती. पश्चिमेच्या पाच गटांतले पाच विजेते आणि तीन सर्वोत्तम उपविजेते पुढे जाणार होते. अल वहदा तसाच गेला. त्याच वाटेने सौदीचा अल हिलालही गेला, जो गटात ताजिकिस्तानच्या इस्तिकलोलकडून १-४ हरला होता. २३ नोव्हेंबरला रियाधमध्ये अंतिम सामन्यात त्याच अल हिलालने दक्षिण कोरियाच्या पोहांग स्टीलर्सला २-० हरवलं, पहिला गोल तर विसाव्या सेकंदाला.

पडवळ

विमानांचं कुणी लिहिलंच नाही. कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात होती आणि अमिरातीने २४ एप्रिलच्या मध्यरात्रीपासून भारतातून येणारी विमानं थांबवली. अल वहदाचे दोन सामने तेव्हा बाकी होते. एकाच शहरात गट खेळवताना परतीचं विमान आधी ठरवा, हॉटेल नंतर.

तीन अधिक एक

@पाटीवाला, पुढच्याच वर्षी मुंबई सिटीने रियाधमध्ये, याच ३+१ नियमात, इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवलं: ११ एप्रिल २०२२, भारतीय क्लबचा या स्पर्धेतला पहिला विजय. विजयी गोल मुंबईच्याच राहुल भेकेचा, कॉर्नरवर हेडरने. सेट पीसवाल्यांनी यावर वेगळा धागा काढावा.