'चूल'मधला च आणि जपानी गाणी

स्नेहसंमेलनात पोरांच्या बँडने जपानी गाणं बसवायचं म्हटलं, की "जपानी शब्द पोरांच्या तोंडात बसणार नाहीत, नुसती धून वाजवा" असं काहीजण सांगतात, ते मला पटत नाही. गाणं गायलाच हवं. सदाशिव पेठेत आमच्या गच्चीवर लेकीच्या बँडची तालीम चालायची. 'नारुतो शिप्पुदेन' या जपानी कार्टून मालिकेचं 'ब्लू बर्ड' हे शीर्षकगीत त्यांनी घेतलं होतं. रोमन लिपीतून वाचताना लेक गाण्यातल्या 'सेत्सुनासा' या शब्दावर दरवेळी अडखळायची. शेवटी वहीत सगळं देवनागरीत उतरवलं आणि तिला म्हटलं, 'त्सु' म्हणजे 'चूल'मधला च. लगेच जमलं! जपानीत स्वरही पाचच, अ, इ, उ, ए, ओ.

टीव्हीवर वाजतं तेवढं दीड मिनिटाचंच बसवा, पण पट्टी आधी गाणारीच्या गळ्याला लावून बघा. आम्ही ती दोन सूर खाली उतरवली, तेव्हा कुठे तिचा आवाज मोकळा लागला.