करोनाकाळातली शेतीमदत: आयोवाच्या सू काउंटीत पैसा नुकसान बघून दिला की तारीख बघून?

हिशेबनीस:
अमेरिकेच्या कृषी खात्याने 2020 मध्ये शेतकऱ्यांसाठी सीफॅप ही मदत योजना आणली. थेट वाटपाला 16 अब्ज डॉलर. सू काउंटी म्हणजे मका, सोयाबीन, डुकरं आणि मोठमोठे फीडलॉट, म्हणजे मांसासाठी गुरं पोसायचे गोठे. तिथे कत्तलीसाठी पोसलेलं जनावर 15 जानेवारी ते 15 एप्रिलदरम्यान विकलं असेल तर नगामागे 214 डॉलर. तेच जनावर 16 एप्रिलनंतर गोठ्यातच राहिलं असेल तर फक्त 33. शंभर जनावरांमागे 21,400 विरुद्ध 3,300! आणि एप्रिलमध्येच तर मांसाचे कारखाने धडाधड बंद पडत होते. ज्याचा माल अडकला त्यालाच कमी पैसे, हे मला अजिबात पटत नाही.

बांधावरून:
तारीख कुठेतरी आखावीच लागते. 15 एप्रिलपर्यंतच्या नुकसानीचा पैसा करोना कायद्यातून आला, पुढचा कृषी खात्याच्या कर्ज महामंडळातून. म्हणून दोन दर. प्रत्येक गोठ्याचा पंचनामा करत बसले असते तर वर्ष गेलं असतं. इथे 26 मेला अर्ज सुरू झाले आणि मंजूर रकमेतले 80 टक्के लगेच खात्यात जमा होऊ लागले. कर्जाचा हप्ता तोंडावर असताना वेळेवर आलेला पैसा महत्त्वाचा. शिवाय सप्टेंबरच्या दुसऱ्या फेरीत नगामागे आणखी 55 डॉलर मिळालेच की.

हिशेबनीस:
ते 55 धरूनच हिशेब करा. जनावर अडकलेल्याला 33 अधिक 55, म्हणजे 88. ज्याने मार्चमध्ये विकून एप्रिल-मेमध्ये गोठा पुन्हा भरला, त्याला त्याच जागेवर 214 अधिक 88. दुसऱ्या फेरीने दरी बुजली नाही, तशीच राहिली.

कणीस:
मक्याचं सूत्र मला त्यामानाने बरं वाटतं. 15 जानेवारीला न विकलेला, भाव न ठरलेला साठा आणि 2019 च्या उत्पादनाचा निम्मा भाग, यांतला लहान आकडा धरायचा. त्यातल्या निम्म्यावर बुशेलला (हे तिथलं धान्याचं माप) 32 सेंट, निम्म्यावर 35. उत्पादन 1,00,000 बुशेल, साठा 60,000 असेल तर 50,000 धरले जातात आणि हातात 16,750 डॉलर येतात. चूक व्हायची ती एकाच ठिकाणी: भाव बांधून दिलेला, पण कोठारात पडून असलेला मका लोक साठ्यात मोजत. तो चालत नाही, कारण भाव पडल्याची झळ त्याला लागलेलीच नसते. अर्ज स्वतःच्या सहीवर मंजूर व्हायचा खरा, पण तपासणीत कराराचा कागद मागितला की पैसे परत करायची वेळ.

बांधावरून:
आणि "मोठ्यांनीच लुटलं" असं जे सर्रास म्हटलं जातं, तेही अर्धवट आहे. माणशी 2,50,000 डॉलरची मर्यादा होती.

गोठ्याकडून:
कंपनी असेल तर तीन भागीदारांपर्यंत 7,50,000. प्रत्येकाने 400 तास काम किंवा व्यवस्थापन केल्याचं दाखवायचं, बस. पण इथे कोणीच ज्यांचं नाव घेतलं नाही ते म्हणजे करारावर डुकरं वाढवणारे. शेड त्यांची, त्यावरचं कर्ज त्यांचं, पण डुकरं कंपनीची. मदत मालकी बघून, म्हणून 2020 मधल्या दोन्ही फेऱ्यांत त्यांना शून्य. कारखाने बंद झाल्यावर नवी पिल्लं आली नाहीत, शेड रिकामी राहिली. भाडं बुडालं, हप्ता चालूच. डिसेंबर 2020 च्या कायद्याने दार उघडलं, तरी महसुलातल्या घटीच्या 80 टक्क्यांपर्यंत मदतीचे अर्ज 2021 उजाडल्यावरच सुरू झाले.

बांधावरून:
त्यांना पीपीपीचं, म्हणजे लहान धंद्यांसाठीच्या सरकारी करोना योजनेचं, माफ होणारं कर्ज होतं की.

गोठ्याकडून:
होतं, पण एकट्याने शेती करणाऱ्याला सुरुवातीला शेतीच्या करपत्रकातला निव्वळ नफा धरून. शेडचा घसारा वजा केला की नफा उरतच नाही, मग कर्जही शून्य. ढोबळ उत्पन्न धरायची सोयसुद्धा त्याच डिसेंबरच्या कायद्याने आली, कमाल 20,833 डॉलर. तोवर आठ-नऊ महिने उलटले होते. तुम्ही म्हणता तो वेळेवरचा पैसा याच लोकांना मिळाला नाही.