४२ मशीनवर नेटवर्कवरून ओएस टाकायची आहे, पेनड्राइव्हला कंटाळलो. सल्ला हवा

पेठेतला_लॅबवाला

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या पेठेतल्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. लॅबमध्ये ४२ मशीन. त्यांतली २६ जुनी: चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, जुनं बायॉस (मशीन चालू होताना सर्वांत आधी चालणारा प्रोग्राम). विंडोज ११ त्यांच्या नशिबात नाही आणि १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून त्यांवर लिनक्स टाकायचं ठरलंय. उरलेली १६ नवी, यूईएफआयवाली (बायॉसचा नवा अवतार). त्यांवर विंडोज ११ च राहणार, पण सगळ्यांवर सॉफ्टवेअर सारखी हवीत.

आजवरची पद्धत म्हणजे तीन पेनड्राइव्ह, एक मी आणि एक शिपाईमामा. मी ओरडायचं, "मामा, नेक्स्ट दाबा." तीन दिवस जातात आणि चौथ्या दिवशी कळतं की एकोणिसाव्या मशीनवर टाइमझोन चुकलाय.

पीएक्सईने (लॅनकार्डमधूनच मशीन बूट करण्याची सोय) नेटवर्कवरून होतं एवढं ऐकून आहे. पण डीएचसीपी (मशीनना आयपी पत्ते वाटणारी सेवा) नेटवर्क रूमच्या ताब्यात, आणि तिथले सर राउटरला हात लावू देत नाहीत. बजेट शून्य. सर्व्हर म्हणून एक जुना डेस्कटॉप मिळेल. प्रॅक्टिकल तीन आठवड्यांवर. फॉग, क्लोनझिला, कॉबलर, फोरमन... नावं वाचूनच डोकं फिरलं. काय धरू?

कोथरूडकर_७७

क्लोनझिला. एक मशीन नीट बनवा, इमेज (अख्ख्या डिस्कची नक्कल) घ्या, बाकीच्यांवर ओता. विषय संपला.

टर्मिनल_काकू

विषय संपत नाही हो. इमेज त्या दिवसापुरती ताजी. पुढच्या सत्रात सरांना पायथनची नवी आवृत्ती हवी झाली की पुन्हा पहिलं मशीन बनवा, पुन्हा इमेज, पुन्हा ओता.

लॅबवाले दादा, कामाचे दोन भाग करा. लिनक्सच्या २६ मशीनना इमेज नकोच, थेट इन्स्टॉल करा. इन्स्टॉलर जे प्रश्न विचारतो त्यांची उत्तरं आधीच एका फाइलमध्ये लिहून ठेवायची. डेबियनमध्ये तिला प्रीसीड म्हणतात, रेड हॅटच्या घराण्यात किकस्टार्ट, उबुंटूत २०.०४ पासून ऑटोइन्स्टॉल. विंडोजच्या १६ साठी मात्र फॉग चांगलं, ते नेटवर्कवरून इमेज ओततं. कॉबलर, फोरमन ही शेकडो सर्व्हर सांभाळणाऱ्यांची हत्यारं, तुम्हाला ओझं होईल. १९९९ पासूनचं एफएआय (लिनक्स आपोआप बसवणारं साधन) सुंदर आहे, पण तीन आठवड्यांत नवं शिकू नका.

आता डीएचसीपी. स्वतःचा डीएचसीपी सर्व्हर कॉलेजच्या नेटवर्कवर चालू करू नका. अख्ख्या मजल्याला चुकीचे आयपी मिळतील आणि नेटवर्क रूमचे सर तुम्हाला शोधत येतील. डीएनएसमास्क (छोटा डीएचसीपी आणि बूट सर्व्हर) घ्या आणि प्रॉक्सी मोडमध्ये चालवा. त्यात आयपी कॉलेजचाच डीएचसीपी देतो, डीएनएसमास्क फक्त बाजूने सांगतो की बूटची फाइल अमुक ठिकाणी आहे. राउटरला कोणी हात लावत नाही. अट एकच, तुमचा डेस्कटॉप आणि लॅब एकाच व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या एकाच कप्प्यात) हवीत. फायरवॉलमध्ये यूडीपीचे ६७, ६९ आणि ४०११ हे पोर्ट उघडा. ४०११ सगळे विसरतात आणि मग रात्र घालवतात. (मीही.)

जुन्या बायॉसला आणि यूईएफआयला बूट फाइल वेगळी लागते. मशीन स्वतः आपला प्रकार डीएचसीपीच्या ९३ व्या ऑप्शनमध्ये सांगतं, त्यावरून डीएनएसमास्क योग्य फाइल देऊ शकतो.

गुरुवारचा_बळी

काकूंचं सगळं बरोबर, फक्त एक भर घालतो, कारण ही चूक मी केली आहे.

आमच्याकडे बायॉसमध्ये बूट क्रमात नेटवर्क पहिलं ठेवलं होतं. नेटवर्क बूटच्या मेन्यूत कोणी दहा सेकंद काही दाबलं नाही तर आपोआप इन्स्टॉल सुरू. कामाच्या दिवशी फार सोयीचं वाटलं. शिवाय वीज परत आली की मशीन आपोआप चालू होण्याचं सेटिंगही होतं. पुढे गुरुवार आला. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते हे तुम्हाला सांगायला नको. दुपारी वीज आली. लॅबमध्ये कोणी नाही. तीस मशीननी शिस्तीत स्वतःला पुसून नवी ओएस टाकून घेतली. मुलांचे प्रोजेक्ट त्यावरच होते.

तेव्हा मेन्यूचा डिफॉल्ट कायम "लोकल डिस्कवरून बूट" ठेवा. इन्स्टॉलच्या पर्यायाला पासवर्ड लावा. आणि काम झालं की सर्व्हरची वायर काढून कपाटात ठेवा. हसू नका, मी खरंच ठेवतो.

पेठेतला_लॅबवाला

काकू, शतशः आभार. प्रॉक्सी मोड पहिल्याच दिवशी चालला! पण उबुंटू डेस्कटॉप घेतलं तर जुन्या मशीनवर काळी स्क्रीन आणि काहीतरी मेमरीचा एरर. नव्या मशीनवर तेच नीट चालतं.

टर्मिनल_काकू

नेटवर्कवरून बूट होताना ते अख्खी आयएसओ (इन्स्टॉलेशन डिस्कची फाइल) रॅममध्ये उतरवतं. डेस्कटॉपची आयएसओ तुमच्या ४ जीबीत कशी मावेल? एनएफएसवरून (नेटवर्कवरून फोल्डर वापरायची पद्धत) माउंट करून हे टाळता येतं, पण तुमच्यासाठी डेबियनच बरं. त्याचा नेटबूटचा कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि इनिटआरडी (बूटसाठी लागणारी सुरुवातीची फाइल) मिळून काही डझन एमबी, बाकी पॅकेजेस एकेक करून येतात. वर एक्सएफसीई (हलका डेस्कटॉप) टाका, ४ जीबीत मजेत चालेल.

प्रीसीडमध्ये हमखास अडायच्या जागा सांगते. भाषा आणि कीबोर्डचे प्रश्न नेटवर्क जोडलं जाण्याआधी येतात, म्हणजे फाइल पोचण्याआधीच. त्यासाठी कर्नलच्या ओळीत ऑटो चालू आणि प्रायॉरिटी क्रिटिकल (अगदी अटळ प्रश्नच विचार) द्यावंच लागतं. ग्रब (ओएस सुरू करणारा बूटलोडर) कोणत्या डिस्कवर टाकायचं हे लिहिलं नाही तर सगळं होऊन शेवटच्या प्रश्नावर मशीन रात्रभर थांबून राहतं. पासवर्ड साधा लिहू नका, हॅश करून (उलटवता न येणाऱ्या रूपात) लिहा, कारण ती फाइल ब्राउझरमध्ये कोणीही उघडू शकतो आणि तुमची मुलं उघडणारच.

आणि सर्व्हरवर ॲप्ट-कॅशर-एनजी बसवा. पहिलं मशीन पॅकेजेस बाहेरून आणेल, पुढची पंचवीस घरातूनच घेतील. ओएस बसल्यावर सॉफ्टवेअरचं काम अन्सिबलकडे (सगळ्या मशीनवर एकदम बदल करणारं साधन) द्या. प्रीसीड जितकी छोटी तितकी झोप शांत.

वायरमन_बुधवारपेठ

स्विच कोणता आहे ते कोणीच विचारलं नाही. मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) असेल तर लॅबच्या पोर्टवर पोर्टफास्ट चालू करून घ्या. नाहीतर स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये वेटोळं होऊ न देणारी सोय) पोर्ट उघडायला तीस सेकंद घेतो, तोवर पीएक्सई कंटाळून "बूट डिव्हाइस नाही" म्हणतं. माणूस सर्व्हरला शिव्या देत बसतो.

फॉगच्या मल्टिकास्टमध्ये (सगळ्यांना एकदम पाठवणं) सगळी मशीन सर्वांत हळू मशीनच्या चालीने चालतात. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. एखाद्या वायरच्या दोनच जोड्या नीट क्रिंप झाल्या असतील तर ते मशीन १०० एमबीपीएसवर येतं आणि पंधरा जण त्याच्यासाठी थांबतात. आधी प्रत्येक पोर्टचा दिवा बघा. तुमच्या १६ मशीनना युनिकास्टही (प्रत्येकाला वेगळं पाठवणं) पुरेल. २५ जीबीची इमेज धरली तरी गिगाबिटवर सगळी मिळून तासभराचं काम. फॉग मुळात एका वेळी दहांनाच घेतं, बाकीची रांगेत थांबतात, घाबरू नका.

विंडोजग्रस्त

विंडोजचं माझ्याकडून. इमेज घेण्याआधी फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर फॉग एनटीएफएस (विंडोजची फाइलसिस्टिम) अर्धवट झोपलंय म्हणून नकार देतं. सिस्प्रेप (मशीनची खास ओळख पुसणारं विंडोजचं साधन) जनरलाइज करून मगच इमेज. सिक्युअर बूट (सही असलेल्याच बूट फाइल चालू देणारी सोय) तेवढ्यापुरतं बंद करा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू आहे का तेही बघा, विंडोज ११ कधीकधी न विचारता लावून ठेवतं. डब्ल्यूडीएसच्या (मायक्रोसॉफ्टची नेटवर्क इन्स्टॉल सेवा) जुन्या लेखांच्या नादी लागू नका, विंडोज ११ ची स्वतःची बूट इमेज त्यातून चालवण्याची वाट मायक्रोसॉफ्टने बंद केली आहे. आणि मशीनसोबत आलेल्या ओईएम लायसन्सवर इमेजिंगचा हक्क मिळत नाही, किमान एक व्हॉल्यूम (संस्थांसाठीचं) लायसन्स लागतं. बजेट शून्य म्हणालात, पण हे प्राचार्यांच्या कानावर घाला.

कोथरूडकर_७७

ठीक आहे, विषय संपला नव्हता.

पेठेतला_लॅबवाला

अपडेट. २६ पैकी २४ जुनी मशीन एका दुपारी झाली. एकाची वायर खरंच दोन जोड्यांची निघाली (वायरमन साहेब, चहा लागू). एकाचं लॅनकार्ड पीएक्सईच करत नाही, त्याला आयपीएक्सई (पीएक्सईचं काम करणारा छोटा प्रोग्राम) पेनड्राइव्हवर टाकून तिथून नेटवर्कला पाठवलं. म्हणजे एक पेनड्राइव्ह शेवटी लागलाच. विंडोजची इमेज सोमवारी घेतोय, लायसन्सची फाइल प्राचार्यांच्या टेबलावर आहे. सर्व्हर बुधवारी संध्याकाळी कपाटात जाईल. शिपाईमामा विचारत होते, "आता नेक्स्ट कोण दाबणार?"