शोकाला मत द्यायचं का? नादिया मिलरॉन यांची उमेदवारी

खिडकीजवळची
१० मार्च २०१९. इथिओपियन एअरलाइन्सचं ३०२ क्रमांकाचं बोइंग ७३७ मॅक्स विमान अदिस अबाबाहून नैरोबीला निघालं आणि सहाव्या मिनिटाला बिशोफ्तूजवळ शेतात घुसलं. १५७ जण गेले. त्यात नादिया मिलरॉन यांची चोवीस वर्षांची लेक होती.

त्याच ऑक्टोबरात बोइंगचे तेव्हाचे प्रमुख म्यूलेनबर्ग अमेरिकी सिनेटच्या सुनावणीला आले. मागे नातेवाईक बसले होते, गेलेल्यांचे फोटो धरून. म्यूलेनबर्ग निघाले तशी मिलरॉनबाईंनी आवाज दिला, सॉरी म्हणताना वळून माणसांकडे बघा. वळावं लागलं त्यांना.

पुढे खासदारांचे उंबरे झिजवले, २०२० मध्ये विमान-प्रमाणनाचा, म्हणजे विमान उडण्यालायक ठरवण्याचा, कायदा झाला. त्यात कॉकपिटमधल्या इशारा-यंत्रणेसाठी डिसेंबर २०२२ ची मुदत होती. मुदत भरत आली तशी बोइंगची मॅक्स ७ आणि १० ही नवी मॉडेलं अडकणार म्हणून वर्षअखेरच्या खर्चाच्या विधेयकात ती अट सैल केली. म्हणजे बाहेरून कितीही ओरडा, कलम फिरतं आतूनच. म्हणून २०२४ ला मॅसॅच्युसेट्समधून अमेरिकी प्रतिनिधीगृहासाठी अपक्ष उभ्या राहिल्या. पडल्या. मला तरी त्यांचं बरोबर वाटतं.

तिरकस सातारकर
ताई, दुःखाबद्दल दुमत नाही. पण शोक म्हणजे पात्रता का? आपल्याकडे आमदार गेला की तिकीट घरात. २०२२ ला अंधेरी पूर्वला ऋतुजा लटकेंसमोर भाजपने उमेदवारच मागे घेतला. तुम्ही तेच अमेरिकेत बघून टाळ्या वाजवताय.

खिडकीजवळची
अहो, तेच कसं? इथे गेलेल्याची खुर्ची घरात राहते. त्या बाईंच्या घरात खुर्ची नव्हतीच. समोर डेमोक्रॅट रिचर्ड नील, १९८९ पासूनचे खासदार. तरी साधारण ३७ टक्के मतं घेतली.

स्प्रिंगफील्डची सून
मी त्याच मतदारसंघात राहते, म्हणून त्या ३७ चं सांगते. मतपत्रिकेवर नावं दोनच. रिपब्लिकन उमेदवार नव्हताच, मग नील नको असलेल्यांनी जायचं कुठे? ही सगळी मतं विमानसुरक्षेची धरू नका. मी नीलनाच दिलं. हा जुन्या गिरण्यांचा भाग आहे, आणि करांच्या समितीचं अध्यक्षपद भूषवलेला माणूस इथे निधी आणू शकतो. बाईंबद्दल आदर आहे, पण एका विषयावर दोन वर्षं खासदारकी चालत नाही हो.

हँगरातला
वीस वर्षं विमानाखाली काढलीत, म्हणून थोडं. नाकाच्या बाजूला एक छोटं पातं असतं, वारा कुठल्या कोनात येतोय ते सांगणारं. अशी दोन असतात. एमकॅस, म्हणजे मॅक्सचं नाक आपोआप खाली दाबणारी यंत्रणा, मात्र एका वेळी एकाचंच ऐकायची. ३०२ च्या डाव्या पात्याने ७४.५ अंश दाखवले. एवढं नाक वर करून प्रवासी विमान उडतच नाही! तरी यंत्रणेने ते खरं मानून नाक खाली दाबलं. पायलटांच्या पुस्तकात तिचा पत्ता नव्हता, २०१८ ला इंडोनेशियात लायन एअरचं मॅक्स पडल्यावर कळलं.

पण सगळं बोइंगवर ढकलू नका. लायन एअरला बसवलेलं पातं २१ अंशांनी चुकीचं होतं आणि बसवल्यावर नीट तपासलं गेलं नाही. १८९ माणसं. असल्या गोष्टी संसदेतल्या भाषणाने सुटत नाहीत. विमान सोडताना सही करणाऱ्याला ‘नाही, हे उडणार नाही’ म्हणता आलं पाहिजे, बस्स.

खिडकीजवळची
आणि त्याने ‘नाही’ म्हटल्यावर त्याची नोकरी कोण वाचवणार? कायदाच ना? तिथे तर तपासणारे बरेचसे बोइंगच्याच पगारावर होते, सरकारने अधिकार सोपवलेले.

हँगरातला
हे मान्य. आमच्यातही रात्रपाळीला फोन येतातच, ‘बघा ना काही जमतंय का’ असे.

तिरकस सातारकर
मुद्दा तिथेच राहिला. दिल्लीच्या ‘उपहार’ सिनेमागृहाची आग आठवा. १९९७, ५९ मृत्यू. कृष्णमूर्ती दांपत्याची दोन्ही मुलं गेली. पाव शतक कोर्टात लढले, निवडणूक नाही लढवली. म्हणून त्यांचं वजन राहिलं. उमेदवार झाले असते तर दुसऱ्या दिवशी ‘राजकारण करतात’ म्हणून मोकळे झाले असते लोक.

खिडकीजवळची
वजन राहिलं खरं, पण हाती काय पडलं? २०१५ ला सिनेमागृहाच्या मालकांना तीस-तीस कोटींचा दंड आणि तुरुंगातून सुटका. पुरावे फाडल्याचा खटला जिंकले, तोही २०२२ मध्ये ‘भोगली तेवढी पुरे’वर संपला. तुम्ही ज्याला वजन म्हणता ते त्यांनीच उचललंय.

स्प्रिंगफील्डची सून
हे मात्र खरं. मिलरॉनबाईंना मत दिलं नाही म्हणून मला वाईट वाटावं असं तुम्हाला वाटत असेल, तर थोडं वाटतं.

हँगरातला
अहमदाबादला पडलेल्या विमानाच्या कप्तानाचे वडील बघा. पवईला राहतात, नव्वदी पार केलेले, स्वतः डीजीसीएतून, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकातून, निवृत्त. मुलावर ठपका नको, तपास स्वतंत्र हवा म्हणून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. खंडपीठाने सांगितलं, मुलाला कोणी दोषी धरत नाही, ओझं बाळगू नका. सरकारला नोटीसही निघाली. ताई, तुमच्या हिशेबाने त्यांनी आता अर्ज कुठून भरायचा?