मदत हवी आहे: दोन गुळगुळीत उतारांतला रॉड, उत्तर जुळंना

औसा_११वी:
रॉड दोन उतारांवर टेकलाय, फ्रिक्शन नाही, आडव्याशी अँगल काढायचाय. उत्तर ३० अंश दिलंय अन् मला शून्य यायलंय, तीनदा केलं. उद्या लातूरला टेस्ट आहे, लवकर सांगा कोणीतरी.

परभणी_फिजिक्स:
उतार किती अंशाचे? व्ही सारखा खड्डा का टेकाड? रॉड युनिफॉर्म, म्हणजे सगळीकडं सारखाच जड, आहे का?

शिडीवाले_सर:
एनसीईआरटीच्या पुस्तकातली भिंतीला टेकलेली शिडी बघ, ३ मीटरची, २० किलोची. तेच गणित आहे हे.

परभणी_फिजिक्स:
तेच कसं सर? तिथं भिंत गुळगुळीत आहे पण जमिनीला फ्रिक्शन आहे, म्हणून तर शिडी थांबते.

शिडीवाले_सर:
पद्धत तीच ना, एकूण टॉर्क (फिरवणारा जोर) शून्य.

औसा_११वी:
व्ही आहे, डावा ३० उजवा ६०, युनिफॉर्म. नॉर्मल, म्हणजे उतार रॉडला लावतो तो जोर, दोन्हीकडं रॉडला काटकोनात घेतलेत.

मांजराकाठ:
हितंच चुकलं बघ. टोक उतारावर टेकलंय, मग नॉर्मल उताराला काटकोनात. तू रॉडला घेतलास म्हणून रॉड आडवाच येणार. उतारांमधला कोन ९०, त्यामुळं कोपरा, दोन टोकं अन् नॉर्मल जिथं मिळतात तो बिंदू, ह्याचा आयत होतो. रॉड एक कर्ण. वजनाची रेघ त्याच बिंदूतून जायला पाहिजे म्हणून दुसरा कर्ण सरळ उभा. मग कोपरा, रॉडचा मध्य अन् डावं टोक हा समभुज त्रिकोण. रॉड आडव्याशी ३०, उजवं टोक वर. नॉर्मल डावीकडं वजनाच्या ०.८७ पट, उजवीकडं निम्मा.

शिडीवाले_सर:
म्हणजे रॉड बॅलन्स होऊन तसाच राहतो.

मांजराकाठ:
नाही सर. मध्य कोपऱ्यापासून कायम अर्ध्या लांबीवर असतो, वर्तुळावर फिरतो, अन् बॅलन्सच्या वेळी तो सगळ्यात वर असतो. जरा धक्का लागला की गेला.

औसा_११वी:
पण मी दोन पुठ्ठ्यांत पट्टी ठेवली तर राहिली की.

मांजराकाठ:
पुठ्ठ्याला फ्रिक्शन आहे रे.

औसा_११वी:
आयत काढला, ३० आलं!! पण उतार ३० अन् ४५ असले तर आयत होईना ना?

मांजराकाठ:
तेव्हा २ टॅन थीटा = कॉट ३० − कॉट ४५, थीटा म्हणजे रॉडचा आडव्याशी अँगल, साधारण २० अंश. नॉर्मल मिळतात तो बिंदू अन् रॉडची दोन टोकं हा त्रिकोण घे, फक्त काटकोन धरू नको.