मदत हवी आहे: कर्नल स्टॅकवर उरलेल्या की-च्या प्रती कशा पुसायच्या?

लिनक्स कर्नल मॉड्यूलमधलं एक फंक्शन ३२ बाइटची गुप्त की स्टॅकवर (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत) एका बफरमध्ये घेऊन काम करतं. प्रोसेसर एक्स८६-६४, कंपायलर जीसीसी १२, ऑप्टिमायझेशन पातळी ओ२. शेवटी बफर शून्य करायला मेमसेट होतं, पण डिसअसेंब्लीत शून्य लिहिणारी एकही सूचना सापडली नाही. बफर पुढे वापरात नाही म्हणून कंपायलरने मेमसेटच उडवलं. मेमझीरो_एक्सप्लिसिट (कंपायलरला उडवता येत नाही असं पुसणारं फंक्शन) लावल्यावर बफर पुसला जातो. खरी अडचण पुढेच आहे: प्रोसेसरची रजिस्टर कमी पडल्यावर कंपायलर की-चे तुकडे स्टॅकवर आरएसपी+०x१८ (आरएसपी म्हणजे स्टॅक पॉइंटर) वगैरे जागी ठेवतो, ते तसेच राहतात. माझ्या कोडमध्ये त्या जागांना नावच नाही!

जीसीसीचा एफ-झीरो-कॉल-यूज्ड-रेग्ज हा पर्याय लावून पाहिला, त्याने फक्त रजिस्टर साफ होतात. कर्नलची स्टॅकलीक सुविधा स्टॅक सिस्टम कॉल संपताना पुसते, आणि माझं काम वर्कक्यूमध्ये (कर्नलच्या आतच चालणाऱ्या कामांच्या रांगेत) चालतं, म्हणजे थ्रेड यूजरस्पेसला परततच नाही. ओ० वर (ऑप्टिमायझेशन बंद करून) कर्नल बिल्ड होत नाही. असेंब्लीत लिहिणं शक्यतो टाळायचंय, कारण हाच कोड एआरएम६४ वरही न्यायचाय.

आता विचार असा: मूळ फंक्शन नोइनलाइन ठेवायचं (म्हणजे कंपायलर ते बोलावणाऱ्या कोडमध्ये मिसळणार नाही), परतल्यावर लगेच दुसरं नोइनलाइन फंक्शन बोलवून तितकीच खोल फ्रेम (फंक्शनचा स्टॅकवरचा भाग) मेमझीरो_एक्सप्लिसिटने शून्य करायची. पण ही दुसरी फ्रेम पहिलीच्या सगळ्या जागा, आतल्या कॉल्ससकट, नक्की झाकेल याची खात्री बिल्डच्या वेळी कशी करून घ्यायची?